घरचं माणूस

केतकी डुंबरेच्या टेबलावरचा दिवा सलग तिसाव्या दिवशी हिरवा राहिला, तेव्हा वरंडोली केंद्राच्या नियंत्रण कक्षात पेढे वाटले गेले. पाळीप्रमुख फडतरे काकांनी ते मुद्दाम साताऱ्याहून मागवले होते. तीस दिवस हिरवा दिवा तोवर कुणालाच जमला नव्हता. खुद्द काकांचा दिवा मुलीच्या बारावीच्या निकालापायी आठवडाभर पिवळा पडला होता. शेजारच्या टेबलावरचा शिंगाडे म्हणाला की मॅडमचं मन म्हणजे धुतला तांदूळ. सगळे हसले. केतकीही हसली. पेढा तोंडात धरून तिनं दिव्याकडं पाहिलं. इतकं रिकामं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि दिवा मात्र हिरवागार होता.

हे असं का, ते मागचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

वरंडोली म्हणजे डोंगराच्या पोटातलं वीजघर. घाटमाथ्यावर एक तलाव, पायथ्याला दुसरा, आणि दोन्हींना जोडणारा बोगदा. सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत मैलोन्‌मैल सौर पाट्या पसरल्या, तेव्हापासून दुपारी राज्यात वीज इतकी होऊ लागली की ठेवायची कुठं हा प्रश्न पडला. ती वीज घेऊन वरंडोली खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी सूर्य कलला, घराघरांत दिवे आणि शेगड्या लागल्या, की तेच पाणी खाली सोडून वीज परत द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण उपसा थांबवून यंत्र उलटं फिरवायला टेबलावरच्या माणसाला दीड मिनिट मिळतं, आणि त्या दीड मिनिटात त्याचं चित्त भलतीकडं असेल तर अर्ध्या राज्याचा स्वयंपाक अंधारात होतो.

दूरच्या एका राज्यात असं एकदा झालंही. चौकशीत निघालं की तिथला माणूस झोपलेला नव्हता, प्यालेला नव्हता, आजारी नव्हता. त्याचं मन दुसरंच काहीतरी वाहत होतं. त्यानंतर देशातल्या सगळ्या नियंत्रण कक्षांत 'तोल' आला.

तोल म्हणजे कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेत चिकटवायची बोटभर पट्टी. मेंदूला जास्तीचं काम पडलं की कपाळामागच्या भागाला रक्त जास्त लागतं. पट्टी कातडीतून मंद अवरक्त प्रकाश आत सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ते रक्त जोखते. समोरच्या पडद्यावरचा बारका कॅमेरा डोळ्यातली बाहुली किती विस्फारते ते मोजतो. दोन्ही मिळून मनावरच्या भाराचा आकडा निघतो. विचार कोणता चाललाय, हे तोलला कळत नाही. हमालाची पाठ किती वाकलीय ते दिसावं, पोत्यात काय आहे ते दिसू नये, तसा तो प्रकार. भार बेतात असला की टेबलावर हिरवा दिवा, वाढला की पिवळा, फारच वाढला की लाल. लाल लागला तर दहा मिनिटांत खुर्ची सोडायची आणि वहीत कारण लिहायचं. महिन्यात सात दिवस पिवळा दिसला तर टेबल जायचं आणि भांडारात नटबोल्ट मोजायला बसायचं. पट्टी पाळीचे आठही तास लावायची, जेवतानाही.

पहिल्याच आठवड्यात केतकीचा दिवा तीनदा पिवळा झाला. वरंडोलीतलं सगळ्यांत थंड डोक्याचं माणूस म्हणून जिचं नाव घेतात, तिचा. शिंगाडेनं यंत्रच बिघडलंय म्हणून तक्रार नोंदवली. तंत्रज्ञ आला, तपासून गेला, आणि यंत्र ठणठणीत आहे म्हणाला.

पुण्याहून डॉ. इनामदार महिन्यातून एकदा पडद्यावर भेटायच्या. त्यांनी केतकीचा आलेख समोर ठेवला. त्या म्हणाल्या की मंगळवारी दुसऱ्या क्रमांकाचं यंत्र अचानक बंद पडलं, सगळ्यांचे आकडे उसळले, तुमचा जागचा हलला नाही. तुमचा आकडा उसळतो तो पावणेएकला, डबा उघडल्यावर. कुणी साधं विचारलं, काल सुट्टीला काय केलंत, घरी कोण आलं होतं, की तो चढतो आणि तासभर उतरत नाही.

"प्रश्न ऐकला की खरं उत्तर आपोआप वर येतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला काही कष्ट लागत नाहीत. ते दाबायला लागतात. मग दुसरं उत्तर जुळवायचं, ते मागच्या उत्तरांशी जमतंय का बघायचं, आणि चेहरा सरळ ठेवून बोलायचं. हे सगळं सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात. तुम्ही ते दिवसातून शंभरदा करता. काय दाबता ते मला कळत नाही, आणि मी विचारणारही नाही."

मग त्यांनी कंपनीच्या समावेश नोंदीबद्दल सांगितलं. चारचौघांत जे सांगता येत नाही ते एका ओळीत लिहायचं, ती ओळ गोपनीय राहते, तिच्यामुळं बढती-बदलीवर परिणाम केला तर कायद्यानं गुन्हा. नोंद केलेल्यांचा भार दोनतीन महिन्यांत उतरतो, असा अनुभव आहे. केतकीनं विचारलं, गोपनीय म्हणजे किती जणांना कळतं? डॉक्टर म्हणाल्या, फक्त चौघांना.

"आमच्या वसाहतीत एकशे बारा घरं आहेत मॅडम," केतकी म्हणाली. "चौघांचे एकशे बारा व्हायला मेथी निवडायला लागतो तेवढा वेळ पुरतो."

जे दाबलं जात होतं त्याचं नाव मनाली भोईटे. वसाहतीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सतरा नंबरच्या घरात केतकी आणि ती सोळा वर्षं राहत होत्या, आणि तो संसार होता. दुधाचं कोण बघतं, गॅसचं कोण बघतं यावरून भांडणारा, आजारपणात एकमेकींच्या डोक्यावर पट्ट्या ठेवणारा, चारचौघांसारखा संसार. फक्त चारचौघांत त्याला ते नाव नव्हतं.

त्याला दुसरं नाव पडायला वरंडोलीची एक चाल कारण झाली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा सगळीकडंच होते. पण इथं बोगदा खोदणाऱ्या पहिल्या पिढीनं एक रीत घालून दिली होती. टेबलाला झेंडूचा हार ज्याचा त्यानं घालायचा नाही, त्याच्या घरच्या माणसानं घालायचा. वर्षभर हे यंत्र आमचं माणूस नेतं, एक दिवस घरच्यांनी खाली उतरून त्याचं तोंड बघावं, असा त्यामागचा विचार. केतकी त्या टेबलावर बसणारी पहिली बाई. पहिल्या वर्षी तिनं जुन्नरहून आईला बोलावलं. आईनं फोनवर सांगितलं की आधी लग्न कर, मग हारतुरे. म्हणून मनाली आली. फाटकावरच्या रखवालदारानं वही पुढं केली. नाव, गाव, नातं. मनालीनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन थांबवून केतकीकडं बघितलं. केतकीच्या तोंडून निघून गेलं, मावसबहीण.

मनालीनं ते लिहिलं. केतकीला वाटलं, वेळ निभावली.

पण मावसबहीण म्हटल्यावर मनाली लग्नाची झाली. वसाहतीतल्या बायका स्थळं घेऊन येऊ लागल्या. दूध संघातला एक, तलाठी एक, आणि एक तर पत्रिकेबरोबर इंद्रायणीचं अख्खं पोतं घेऊन दारात उभा राहिला. दरवेळी नवी सबब शोधायची. कधी मंगळ, कधी नोकरी, कधी मावशीचं दुखणं. ती मावशी मुळात नव्हतीच, पण तिचे गुडघे दोनदा बदलून झाले. डब्याच्या वेळी कुणी मावशीची चौकशी केली की केतकीला आठवावं लागायचं की मागच्या खेपेला डावा होता की उजवा. मग चारेक वर्षांनी स्थळं येणं एकाएकी थांबलं. केतकीला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दरवर्षी मुख्य कचेरीतून इंद्रधनुष्याचं एक पोस्टर यायचं. 'सगळ्यांसाठी खुली जागा' असं काहीतरी त्यावर असायचं. ते प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी लागायचं. एका वर्षी शिंगाडे ते बघून म्हणाला होता की असलं शहरात असतं, आपल्याकडं कोण आहे तसलं? केतकीनं मान खाली घालून भाकरी मोडली. फडतरे काका एवढंच म्हणाले, "पोस्टर वाकडं लागलंय, सरळ कर." सहा वर्षं झाली, पण शिंगाडेचं ते वाक्य केतकीच्या कानातून गेलं नव्हतं. काकांचं मात्र तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आता मुद्दा असा होता की टेबल गेलं तर घर जाणार होतं. सतरा नंबर हे टेबलावरच्या माणसाचं घर, भांडारातल्यांना वसाहतीत जागा नाही. केतकीनं मनालीला हे सगळं सांगितलं. मनाली ब्रश धूत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सांगून टाक मग.

"मला लपवायला तुला जेवढा त्रास होतो, तेवढा सांगायला होईल का? एकदाच होईल. हा रोजचा आहे."

केतकीला ते पटत होतं, आणि जमत नव्हतं. तिनं वीस वर्षं एकच विद्या केली होती. जाळ्यावर भार वाढला, सगळंच कोसळायची वेळ आली, की एखादी वाहिनी तोडायची. थोड्यांचा अंधार पत्करून बाकीच्यांचा उजेड वाचवायचा. भार उतरला की वाहिनी पुन्हा जोडायची. यात क्रूरपणा नसतो, शहाणपण असतं, असं ती नव्या लोकांना शिकवायची. तेच तिनं घरात केलं. मनालीला म्हणाली की कोल्हापूरच्या एका शाळेत चित्रकलेची जागा निघालीय, ती तू घे. सहाच महिने. तू इथं नसलीस की सांगायला काही नसेल, दिवा स्थिर होईल, घर राहील. मग ये परत.

मनालीनं ब्रश फडक्यावर उताणे मांडले.

"भारनियमन म्हणजे शहाणपण की काय, ते ज्या गावाची वीज जाते त्या गावाला विचारायचं असतं," ती म्हणाली. "घर वाचवायला घरचं माणूस बाहेर काढतेस केतकी. जाते मी. पण सहा महिन्यांनी यायला मी काही वाहिनी नाही."

मार्चमध्ये परीक्षा संपल्या आणि ती गेली. तीन खोकी आणि एक उभी फळी एवढंच सामान होतं. टेम्पोवाल्यानं विचारायच्या आतच केतकीनं सांगून टाकलं की बहिणीची बदली झाली.

आणि दिवा खरंच उतरू लागला. एप्रिलमध्ये चार दिवस पिवळा, मेमध्ये दोन. डब्याच्या वेळी कुणी विचारलं, काल काय केलंत, तर केतकी म्हणायची, काही नाही. ते खरंच असायचं. खऱ्याला कष्ट पडत नाहीत. ती एकटी उठायची, चार पोळ्या लाटून झाल्यावर दोन जास्तीच्या झाल्या म्हणून डब्यात भरायची, गिझरचं निम्मं पाणी सवयीनं राखून अंघोळ उरकायची, आणि मग ते राखलेलं पाणी तसंच निवायचं. मनालीचे फोन आधी रोज, मग रविवारी, मग सणाला आले. बोलणं तब्येतीचं आणि हवेचं व्हायचं. सहा महिन्यांचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नव्हतं.

मेच्या अखेरीस फडतरे काकूंनी विचारलं की मनाली सुट्टीला कधी येणार. काकू पायरीवर बसून गवार निवडत होत्या. केतकीला तो प्रश्न दर महिन्याला नको होता. कायमचा मिटवावा म्हणून ती बोलून गेली की मनालीचं लग्न झालं, कोल्हापुरातच, घाईत झालं, कुणाला बोलावता आलं नाही.

काकूंचा हात गवारीत थांबला. मग त्या रडायला लागल्या. पदरानं डोळे पुसत, आवाज न करता, बराच वेळ रडल्या. केतकीला वाटलं, किती जीव होता हिचा मनालीवर. शेवटी काकूंनी विचारलं, "आणि तू? तू जेवतीस का येवस्थित?" लग्न बहिणीचं झालं असताना आपल्या जेवणाची चौकशी कशाला, हे केतकीला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात वसाहतीनं आहेर जमवला. तीन साड्या, स्टीलचे डबे, चांदीचा कुंकवाचा करंडा. तिकडं गेलीस की दे म्हणाले. केतकीनं तो सगळा कपाटात ठेवला, मनालीच्या रिकाम्या कप्प्यात.

ते शेवटचं खोटं. त्यानंतर लपवायला काही उरलंच नाही. सप्टेंबरात तीस दिवस पुरे झाले आणि पेढे आले.

त्या महिन्याच्या भेटीत डॉ. इनामदारांनी अभिनंदन केलं. केतकीनं त्यांना विचारलं की मॅडम, एकटेपणाचा भार किती असतो?

"तोलवर शून्य," त्या म्हणाल्या. "भार काहीतरी उचलल्याचा दिसतो. हातात काही नसेल तर यंत्राला वाटतं, माणूस आरामात आहे. ही त्याची मर्यादा आहे. आम्ही वरती लिहिलंय तसं."

दसऱ्याला फडतरे काका निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी पाळीप्रमुख म्हणून केतकीचं नाव लागलं होतं. त्यांची ही शेवटची खंडेनवमी, तिची प्रमुख म्हणून पहिली. सकाळी नऊला बोगद्याच्या बसमधून घरचे लोक खाली उतरले. नव्या साड्या, इस्त्रीचे सदरे, पोरांच्या डोक्यावर मोठी पडणारी हेल्मेटं. टेबलं पुसून त्यांवर हळदकुंकू वाहिलं होतं. रीतीप्रमाणं काका हार हातात घेऊन एकेका टेबलापाशी उभे राहायचे आणि विचारायचे, घरचं माणूस कोण? मग ते माणूस पुढं व्हायचं. शिंगाडेच्या बायकोनं हार घातला. लोखंडेंच्या म्हाताऱ्या वडिलांनी घातला. शेवटी काका मुख्य टेबलापाशी आले.

"डुंबरे बाई," ते म्हणाले, "घरचं माणूस कोण?"

केतकीनं उत्तर तयार ठेवलं होतं. बहीण सासरी आहे, या वर्षी मीच घालते. सोपं, गुळगुळीत वाक्य. पण डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं खरं उत्तर आधी आलं, आपोआप, नाव घेऊनच. ते दाबायला तिनं रोजच्यासारखा जोर लावायला हवा होता. तिनं लावला नाही. कशासाठी लावायचा, हेच तिला त्या घडीला आठवेना. टेबल होतं, घर होतं, हिरवा दिवा होता, आणि हार घालायला कुणी नव्हतं.

"घरचं माणूस मी घालवलं काका," ती म्हणाली. "मनाली. ती माझी मावसबहीण नव्हती. माझा संसार होता तिच्याबरोबर. तिचं लग्न झालं नाही. मीच तिला जा म्हटलं."

खाली यंत्र घुमत होतं तेवढाच आवाज. शिंगाडे बुटांकडं बघत होता. मागं कुणीतरी कुजबुजलं आणि एका आईनं आपल्या पोरीला जवळ ओढलं. दिवा हिरवाच होता.

काकांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ठावं हाय पोरी," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली."

केतकीला आधी अर्थच लागला नाही. मग काकू पुढं आल्या आणि हळू आवाजात बोलल्या की स्थळं मीच बंद केली, बायकांना सांगून टाकलं की सतरा नंबरात आता कुणी पत्रिका न्यायची नाही. सगळ्यांना पटलं असं नाही. काहींना अजून पटत नाही. पण तू बोलत नाहीस, म्हणजे तुला बोललेलं आवडायचं नाही, असं वाटलं. "लग्न झालं म्हणालीस तवाच कळलं, काय तरी मोडलं," काकू म्हणाल्या. "पर इचारायचं कसं?"

केतकी खुर्चीत बसली. सोळा वर्षं ती ज्या भिंतीला पाठ लावून उभी होती, ती भिंत पडणारच नव्हती. मावशीचे गुडघे, मंगळ, टेम्पोवाल्याला सांगितलेली बदली, सगळं फुकट. आणि राग आला तिला, या माणसांचाही आला. यांच्यातल्या एकानं एकदा तरी म्हणायचं होतं. डबा खाताना, सहज, मनाली कशी आहे असं, घरच्या माणसाची चौकशी करतात त्या आवाजात. त्यांचं कळणं आणि तिचं लपवणं एकाच टेबलावर बारा वर्षं समोरासमोर जेवत होतं, आणि दोघांनीही एकमेकांना भाजी वाढली नव्हती.

टेबलावरचा दिवा पिवळा झाला आणि मग लाल. वरंडोलीत लाल दिवा पहिल्यांदाच लागला. घड्याळाची दहा मिनिटं सुरू झाली.

केतकीनं टेबलावरचा फोन ओढला. कक्षातले फोन नियमाप्रमाणं उघडेच असतात, बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. ते तिला माहीत होतं. तिनं कोल्हापूरचा नंबर लावला. पाचव्या घंटेला मनालीनं उचलला.

"मी कक्षातून बोलतेय," केतकी म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जातंय."

मनालीनं घाबरून विचारलं की काय झालं, अपघात झाला का.

"नाही. खंडेनवमी आहे. काकांनी घरचं माणूस विचारलं. मी तुझं नाव सांगितलं."

मग मनालीनं विचारलं, सगळ्यांसमोर? केतकी म्हणाली, हो.

"चांगलं केलंस," मनाली म्हणाली. मुदतीनंतर चित्र आणून देणाऱ्या मुलाशी ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज होता. रागावलेला नाही, पण मुदत गेलेलीच. "मी इथं आले ना, पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. सोळा वर्षांचा संसार होता, एका बाईबरोबर, मोडला म्हणून. दोघीजणी अजून बोलत नाहीत माझ्याशी. एकीनं चहा पुढं केला. एवढंच होतं ते केतकी. एका कपाएवढं. मी तो चहा पिताना जेवढी रडले, तेवढी तिथून निघतानाही रडले नव्हते."

"ये," केतकी म्हणाली.

"हार घालायला?"

"राहायला."

मनालीनं श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला.

"आत्ता नाही सांगत," ती म्हणाली. "मला इथं कुणी मावसबहीण म्हणत नाही. त्याची सवय लागलीय. हार तूच घाल, झेंडू सुकेल." आणि तिनं फोन ठेवला.

केतकीनं हार घेतला आणि मुख्य टेबलाला स्वतःच्या हातानं घातला. वरंडोलीच्या रीतीत ते बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. काकूंनी नारळ वाढवला. शिंगाडेनं पाणी आणून दिलं. तो म्हणाला की मॅडम, ते पोस्टरचं मी उगाच बोललो होतो. त्याच्याही लक्षात होतं तर.

दहा मिनिटं संपत आली होती. केतकीनं कपाळाची पट्टी सोडवली. फडतरे काकांनी लाल दिव्याची वही उघडली. ती कोरी होती, तिच्यातलं हे पहिलंच पान. वेळ त्यांनी लिहिली, भाराचा आकडा लिहिला. कारण घरचं असेल तर तीन दिवसांची रजा मिळते, त्याला पुढं दोन रकाने होते. व्यक्तीचं नाव. तिथं त्यांनी मनाली भोईटे असं सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा. तिथं त्यांचं पेन थांबलं आणि त्यांनी केतकीकडं बघितलं.

"काय लिहू?"

केतकीनं त्यांच्या हातून पेन घेतलं. एका ओळीला सोळा वर्षं लागली होती आणि जिच्यासाठी लिहायची ती आता इथं नव्हती. तिनं लिहिलं, घरचं माणूस. रकाना लहान होता. शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलं.